ताटी

आमच्या सदनिकेतल्या दारांना कड्या आहेत, कुलपे आहेत, बाहेर कोण आले आहे ते पाहण्यासाठी एक काचेचे भोकही आहे. ताटी मात्र कुठेच नाही. ताटी म्हणजे कामट्यांचे, काड्यांचे विणलेले, झोपडीच्या तोंडाशी लावायचे दार. तिच्या फटींतून उजेड आत येतो, आवाज येतो, आणि एखाद्या शेरडाने डोके लावले तरी ती बाजूला सरकते. असले हे दुबळे दार मराठी कवितेत अजून टिकून आहे, कारण एका बहिणीने त्याच्याबाहेर उभे राहून आपल्या भावाची समजूत घातली होती.

कथा आपल्या सर्वांच्या कानावरून गेलेली असते. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतलेल्या विठ्ठलपंतांच्या मुलांना आळंदीत ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवले जाई, आणि आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावरही ती अवहेलना थांबली नाही. एके दिवशी असाच एक बोल वर्मी लागला आणि ज्ञानेश्वर कुटीत शिरून ताटी लावून बसले, असे परंपरा सांगते. तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून जे म्हटले, ते ताटीचे अभंग. ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ ही विनवणी त्यांत पुन्हा पुन्हा येते.

गेल्या पावसाळ्यात मीही एकदा ताटी लावली होती. कामाच्या ठिकाणी, माझी नसलेली चूक चारचौघांत माझ्या पदरात टाकली गेली, मला उत्तर सुचले नाही, आणि ते सुचले तेव्हा मी घरी पोहोचले होते. मी झोपायच्या खोलीत गेले आणि आतून कडी घातली. मोबाइल बाहेर राहिला होता म्हणून, केवळ म्हणूनच, आजीची पिवळी पडलेली संतगाथा हाताशी घेतली. धीर मिळवायला वगैरे मी ती उघडली नव्हती, हे कबूल करायला हवे.

‘विश्व रागें झाले वन्हि । संतें सुखें व्हावें पाणी’ ही ओळ समोर आली आणि माझा राग आणखी भडकला. पेटायचे जगाने आणि पाणी व्हायचे आपण, हा कुठला न्याय? शिवाय हा उपदेश नेमका भाजलेल्यालाच केला जातो, जाळणाऱ्याला कधी नाही, असेही मनात आले. पण पुढे ‘शब्द शस्त्रें झाले क्लेश’ असे तिने म्हटले आहे, आणि तिथे मी थबकले. शब्दच तर आहेत, एवढे काय मनाला लावून घ्यायचे, असे ती भावाला म्हणत नाही. शस्त्राला ती शस्त्रच म्हणते, जखम मान्य करते, आणि मगच ‘संतीं मानावा उपदेश’ असे म्हणते. हा क्रम माझ्या हितचिंतकांना क्वचितच साधतो. मला तर तो मुळीच साधत नाही.

आणि मग ती एकदम म्हणते, ‘जीभ दातांनी चाविली । कोणें बत्तीशी तोडिली’. मला हसू आले. तिचे स्वतःचे दुधाचे दात पडून फार दिवस झाले नसतील! दुखावणारा आणि दुखावलेला एकाच देहाचे अवयव आहेत, हे अद्वैताचे अवघड तत्त्व एखाद्या पोरीने जेवताना सुचावे इतक्या सहजतेने सांगितले आहे, आणि जीभ चावल्याची कळ ज्याला आठवते त्याला ते भाष्यावाचून कळते.

बाहेर उभ्या असलेल्या त्या मुलीच्या वागण्याचा विचार मी त्यानंतर बराच वेळ करत बसले. ताटी लोटून आत जाणे तिला सहज शक्य होते, तरी ती लोटत नाही. ‘उघडा’ म्हणते, आणि तेही आदरार्थी. कुटीत रुसून बसलेल्या भावाला ‘तुम्ही तरोनि विश्व तारा’ असे सांगते, म्हणजे गावाने ज्याला भिक्षेपुरतीही किंमत दिली नाही त्याच्यावर ती थेट विश्वाचा भार टाकते. आशा म्हणून मला काही सापडले असेल तर ते या भाबड्या वाटणाऱ्या मागणीत. या अभंगांत आतून एकही शब्द येत नाही, तरी तिच्या आवाजात शंका नाही. नेवाशाला 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागणे येते. खळ नष्ट होवोत असे नव्हे, त्यांचा वाकडेपणा जावो, एवढेच. ते वाचताना आता मला ताटीआडचे ते मौन आठवते.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. “आई,” लेक बाहेरून अगदी हळू म्हणाली, “माझा चार्जर आत राहिला आहे. घाई नाही, पण दार उघडशील तेव्हा दे.” मी गाथा उशाशी ठेवली, चार्जर शोधला आणि कडी काढली.