पत्रकातला ‘कब्जा’

सभा सहाची होती आणि साडेपाचलाच हॉल भरला, तेव्हाच मला काहीतरी शिजतंय हे कळायला हवं होतं. आमच्या सभांना लोक कधी वेळेवर येत नाहीत. दारातच एका पोराने आमचंच पत्रक माझ्या नाकासमोर धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

‘कार्बन कब्जा व साठवणूक प्रकल्प : हितसंबंधींशी चर्चा.’

‘‘ताई, कब्जा कशावर? आणि हितसंबंधी म्हणजे कोण, आम्ही?’’

इंग्रजीतल्या ‘कॅप्चर’चा, म्हणजे वायू धरण्याचा, कोणीतरी कब्जा केला होता आणि ‘स्टेकहोल्डरां’चे, म्हणजे ज्यांच्यावर परिणाम होणार त्या लोकांचे, हितसंबंधी. कोणीतरी म्हणतेय खरी, पण पत्रकाचा नमुना गुरुवारी माझ्या मोबाईलवर आला होता आणि हार्बर लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने मीच ‘ओके’ टाकलं होतं. वाचलं नव्हतं. एकवीस वर्षं लोकांशी बोलण्याचाच पगार घेतेय.

ट्रॉम्बे-माहूलच्या बाजूचा हा एक कोळीवाडा. नाव घेत नाही. म्हावरं सुकवायची मोकळी जागा नेमकी कोणाची, गावठाणाची हद्द कुठवर, यावर तिथे वर्षानुवर्षं कागद फिरताहेत. अशा ठिकाणी छापील ‘कब्जा’ वाटला की काय होणार? पत्रक घरोघर पोचल्यावर गावात एकच बातमी राहिली होती : कंपनी बंदर घेणार.

त्याआधी एकदा तोंड पोळलं होतं. पहिली बैठक आम्ही सकाळी अकराला ठेवली आणि खुर्च्यांशीच बोलून आलो. अकराला ओहोटी होती, बायका खाडीत शिंपल्या वेचायला गेल्या होत्या. कॅलेंडरवर रविवार बघितला, भरती-ओहोटी बघितली नाही. दुसऱ्या खेपेला जुलै निवडला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, पुरुषमंडळी घरी असतात.

मी माईक घेतला आणि आधी माफी मागितली. मग सांगितलं, की कारखान्याच्या धुराड्यातून जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तो तिथेच अडवायचा, दाबाखाली घालून पाइपने समुद्रात न्यायचा आणि गॅस काढून रिकाम्या झालेल्या क्षेत्रात, तळाच्याही खाली, खडकात सोडायचा. अजून काही ठरलेलं नाही, कंपनी फक्त चाचपणी करतेय. ‘‘म्हणजे धूर धरून पुरायचा,’’ मागून कोणीतरी म्हणालं. माझ्या चार वाक्यांपेक्षा ते बरं होतं. पुढे दोन तास आम्ही सगळे ‘धूर पुरणं’च म्हणत होतो. आमच्या भूगर्भवाल्या सरांना ते खटकत होतं, कारण हा काही धूर नव्हे. पण त्यांनी सोडून दिलं.

सरांनी पडद्यावर नॉर्वे दाखवला. उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर क्षेत्रात 1996 पासून हा वायू तळाखाली सोडताहेत, सुरुवातीची बरीच वर्षं वर्षाला दहा लाख टनांच्या घरात. जमिनीवर एक टन वायूला पाचशे घनमीटरपेक्षा जास्त जागा लागते. आठशे मीटरच्या खाली गेलं की दाबाने तो द्रवासारखा दाट होतो आणि दीडेक घनमीटरमध्ये मावतो. लोक शांतपणे ऐकत होते. आमच्या धंद्यात ही शांतता चांगली नसते.

दुसऱ्या ओळीतल्या मावशी उठल्या. मांडीवरची पिशवी शेजारणीकडे दिली.

‘‘बाय, घरात सिलिंडर सुटला तर वास येतो. तुमच्या ह्या वायूला वास हाय?’’

‘‘नाही, मावशी.’’

‘‘रंग?’’

‘‘तोही नाही.’’

‘‘मग रात्री पाइप फुटला तर आमाला कळणार कसं?’’

सर यंत्रांवर बोलू लागले, दाब उतरला की झडपा आपोआप बंद होतात वगैरे. मावशींनी हात वर केला, ऐकून घेतलं या अर्थाने. ‘‘हा हवेपेक्षा जड की हलका?’’ साधारण दीडपट जड, सर म्हणाले. मावशींनी दाराबाहेर बोट केलं. ‘‘उधाणाला पाणी पहिलं आमच्याच गल्लीत येतं. जड हाय तर तोही तिथंच येऊन बसणार ना?’’

हॉलमध्ये कोणी हललं नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं. मावशींनी शाळा किती केली होती मला माहीत नाही, पण अमेरिकेत मिसिसिपीतल्या सटार्टियात फेब्रुवारी 2020 मध्ये नेमकं हेच झालं होतं. पावसाने टेकडीची माती सरकली, कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली आणि तो ढग उतरून गावात गेला. प्राणवायू न मिळाल्याने गाड्यांची इंजिनं बंद पडली. दोनशेच्या आसपास लोकांना हलवावं लागलं, पंचेचाळीसएक दवाखान्यात गेले. मेलं कोणी नाही. वायू कुठवर पसरेल याचा जो अंदाज कंपनीने बांधला होता, त्यात ते गाव धरलेलंच नव्हतं.

आमच्या स्लाइडमध्ये सटार्टिया नव्हतं. मुद्दाम काढलं होतं, ‘उगाच घबराट नको’ म्हणून. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. कंपनीचा पहिल्या रांगेतला तरुण अधिकारी खाली मान घालून फोन बघायला लागला. हवेत या वायूचं प्रमाण दहा टक्क्यांपाशी गेलं तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो, हेही सांगितलं. गंमत अशी, की त्यानंतर खुर्च्या पुढे सरकल्या. प्रश्न नीट यायला लागले. पाइप खाडीतून की रस्त्याकडेने? डोलीच्या जाळ्यांच्या खुंटांपासून किती लांब? भोंगा कुठे लावणार, आणि तो वाजला की पळायचं कुठल्या बाजूला, कारण गल्ली तर एकच आहे. यातल्या अर्ध्यांची उत्तरं आमच्याकडे नव्हती. तसं म्हणालो, वहीत लिहून घेतलं.

कोपऱ्यातून एक आजोबा उठले. कोळी नव्हेत, पाटणकडचे, माथाडीतून निवृत्त झालेले, शेजारच्या चाळीतले. ‘‘सदुसष्टला आमच्याकडं जमीन हलली. मी शाळेत होतो. धरणात पाणी साठवलं म्हणून हलली म्हणत्यात. तुमी तर जमिनीच्या पोटातच दाब भरणार.’’

कोयना. 11 डिसेंबर 1967, पहाट. जलाशयामुळे झालेल्या भूकंपांत जगभर पहिल्यांदा तिचंच नाव घेतात. सरांचा चेहरा उजळला, कारण हा त्यांचा विषय. त्यांनी आजोबांना टाळलं नाही. वायू भरल्याने भूकंप होऊ शकतात, म्हणाले. म्हणूनच ज्या खडकात लाखो वर्षं नैसर्गिक वायू टिकला तोच निवडायचा आणि मूळ दाबाच्या खालीच थांबायचं. मग स्वतःहून एक गोष्ट जोडली : खडकापेक्षा जुन्या विहिरींची भीती जास्त. एके काळी गॅस काढायला पाडलेलं प्रत्येक भोक सिमेंटच्या बुचाने बंद केलेलं असतं, आणि बूच सुटलं तर तिथून वायू वर येऊ शकतो. ‘‘बुचावर नजर कोण ठेवणार?’’ आजोबा म्हणाले. ‘‘कंपनी? की सरकार? किती वर्षं?’’

नेदरलँड्समधलं बारेंड्रेख्त मला तेव्हा आठवलं. रॉटरडॅमजवळच्या या गावाखालच्या रिकाम्या गॅस क्षेत्रात वायू भरायचा बेत होता. तज्ज्ञांच्या मते सुरक्षित. पण गावाला वाटलं, आपल्याला विचारायच्या आधीच सगळं ठरलंय. विरोध इतका झाला की 2010 मध्ये सरकारने प्रकल्प गुंडाळला. परिषदांमधून हे उदाहरण ‘लोकांना विज्ञान समजलं नाही’ असं सांगितलं जातं. मला ते कधीच पटलं नाही.

साडेआठला गावच्या पाटलांनी शेवटचा प्रश्न विचारला, तोही माझ्याकडे न बघता, थेट त्या अधिकाऱ्याला. ‘‘साहेब, आम्ही नको म्हटलं तर पाइप दुसरीकडून जाईल का?’’

तो उभा राहिला. ‘‘तुमच्या भावना वरपर्यंत पोचवू.’’

‘‘भावना नाय विचारल्या.’’

तो बसला. बिचाऱ्याच्या हातात काही नव्हतं, त्याला नुसतं पाठवलं होतं.

मग हजेरीचं रजिस्टर फिरवलं आणि ते कोरंच परत आलं. शंभरावर माणसं, सही एक नाही. पाटील हसले. मागे एका कामात इथल्या हजेरीच्या सह्या पुढे ‘ग्रामस्थांची संमती’ म्हणून जोडल्या गेल्या होत्या. मी पेन काढलं आणि पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘ही फक्त हजेरी आहे. प्रकल्पाला संमती नाही.’ खाली माझी सही आणि तारीख. मावशींनी ते पान नातवाकडून दोनदा वाचून घेतलं. मग अंगठ्याला शाई मागितली. शाई नव्हती. त्यांनी पर्समधली टिकली काढून रकान्यात चिकटवली आणि शेजारी नातवाला नाव लिहायला लावलं. सह्या झाल्या त्रेसष्ट.

सोमवारी ऑफिसातून फोन आला. अहवालाला जोडायला पहिलं पान चालणार नाही, वर काहीतरी खरडलंय. स्वच्छ पानावर यादी उतरवून पाठवाल का?

मी टिकलीसकट तेच पान स्कॅन करून पाठवलं. अजून उत्तर नाही.