शस्त्र देण्याआधी एक फुंक

शस्त्रधारी कर्मचाऱ्याच्या हाती पिस्तूल देण्याआधी त्याला श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्रात फुंक मारायला लावायची, एवढंच काम. तरी चुका इथेच होतात. माउथवॉश किंवा ढेकरेमुळे तोंडात आलेलं अल्कोहोल आकडा उगाच फुगवतं. म्हणून आधी 15 मिनिटं खाणं-पिणं, सिगारेट बंद. मग नवी नळी, दोनदा फुंक, आकडे जुळले तरच नोंद. यंत्राच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे ते अचूक मोजतं का हे तपासून जुळवण्याची, तारीख उलटली असेल, तर वकील सगळ्यात आधी तेच उकरून काढतो.

रात्रीची सकाळी उतरलेलीच असते, हा भ्रम. रक्तातलं प्रमाण तासाला साधारण 0.015 टक्के घटतं, 0.15 वर झोपलेला आठ तासांनीही 0.03 वर असतो! आंघोळ, कॉफीने काही होत नाही.

गोळीबारानंतरची चाचणी मात्र लगेच हवी, उशीर झाला की पुरावाच विरतो. आणि साहेबांची चाचणी हाताखालच्याने घ्यायची असली की रकाना कोराच राहतो; ते काम बाहेरच्या पथकाकडे द्यावं.