तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्यांच्या युद्धाच्या फायली मी का वाचते

हळदीकुंकवाला विचारतात, ऑफिसात डबा खाताना विचारतात, की व्हिएतनामशी तुझा काय संबंध, अमेरिकेच्या त्या जुन्या तारा आणि गुप्तचर रिपोर्ट कशाला वाचत बसतेस. संबंध काहीच नाही. घरात कुणी सैन्यात नव्हतं, व्हिएतनामला मी गेलेली नाही. आणि अमेरिकेला शिव्या घालायलाही वाचत नाही, त्यासाठी एवढे कष्ट लागत नाहीत.

व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखाताचं मी इतक्यांदा सांगितलंय की थोडक्यात उरकते. 2 ऑगस्ट 1964 ला उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटींनी मॅडॉक्स या अमेरिकन युद्धनौकेवर हल्ला केला, तो खरा. भानगड आहे ती 4 तारखेच्या रात्रीच्या 'दुसऱ्या हल्ल्या'ची, ज्याच्या जोरावर 7 तारखेला काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, ठराव करून राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना युद्धासाठी मोकळं रान दिलं, हाऊस या खालच्या सभागृहात 416 विरुद्ध शून्य, वरच्या सेनेटमध्ये 88 विरुद्ध 2.

मी अडकते ती त्या रात्रीच्या पुढच्या काही तासांत. काळोख, हवा खराब, मॅडॉक्स आणि टर्नर जॉय अशी दोन जहाजं, सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, टॉर्पेडोमागून टॉर्पेडो ऐकू येतायत, तोफा चालू, आणि सगळं शांत झाल्यावर मॅडॉक्सवरचा कॅप्टन हेरिक तार करतो की नीट बघितलं तर बरेचसे टॉर्पेडो संशयास्पद वाटतायत, रडारवर हवामानाचा परिणाम झाला असेल, सोनारवाले जरा जास्तच उतावीळ होते, मॅडॉक्सवरून डोळ्यांनी कुणीच काही पाहिलेलं नाही, पुढचं पाऊल उचलण्याआधी सगळं तपासून घ्या. सगळी अक्षरं कॅपिटल, वेळ ग्रिनिचची, म्हणजे प्रत्येक तारेला बोटांवर गणित करायचं. वॉशिंग्टनमध्ये दुपारचा दीड वाजत आलाय. आणि रात्री साडेअकरानंतर जॉन्सन टीव्हीवर सांगतायत की प्रत्युत्तराची कारवाई सुरू झालीय. मधे दहा तास आहेत हो! त्या दहा तासांचे कागद मी परत परत वाचते.

कारण मी स्वतः सरकारी नोकरीत टिपण्या लिहिते. फाईल वर जाते, जोडपत्रं खालीच राहतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, एका बाईंची फॅमिली पेन्शन त्यात वर्षानुवर्षं रखडली आणि विचारलं तर प्रत्येक टेबल म्हणतं आम्ही काही चुकीचं लिहिलेलं नाही. तिकडंही तसंच झालं. हेरिकची शंका वर पोचली होती, संरक्षणमंत्री मॅकनमारांनी फोनाफोनी केली, पण निर्णायक ठरले ते उत्तर व्हिएतनामचे पकडलेले रेडिओ संदेश. आणि एनएसएच्याच, म्हणजे असे संदेश पकडणाऱ्या अमेरिकन गुप्तचर संस्थेच्याच, रॉबर्ट हॅन्यॉक या इतिहासकारानं सगळे संदेश पुन्हा लावून बघितले तेव्हा निघालं काय, तर त्या रात्री उत्तर व्हिएतनामी 2 तारखेला मार खाल्लेल्या आपल्या बोटी ओढून न्यायच्या खटपटीत होते. हे सांगणारे बहुतांश संदेश वर गेलेल्या रिपोर्टांत घेतलेच नव्हते.

पूर्वी मी तावातावानं म्हणायचे, जॉन्सननी धडधडीत खोटं बोलून युद्ध काढलं. हॅन्यॉकला वरून तसा हुकूम आल्याचा पुरावा सापडला नाही, त्याचा रोख मधल्या फळीवर आहे. हे मला जास्त भयंकर वाटतं. पण माझ्यातली ती जुनी बाई गप्प बसत नाही, ती म्हणते अगं ठरावाचा मसुदा मे-जूनमध्येच तयार होता, साहेबाला काय हवंय हे खालच्यांना हुकमाशिवाय कळतं की. यावर मला काही बोलता येत नाही.

कुणी म्हणतं, बघा, निदान त्यांनी कागद उघडले तरी. हो, उघडले. हॅन्यॉकचा हे सगळं मांडणारा 2001 चा लेख 2005 च्या नोव्हेंबरअखेर बाहेर आला, आणि इराक युद्धाशी तुलना होईल या भीतीनं तो दाबून ठेवल्याचं न्यूयॉर्क टाइम्सनं छापल्यावर. तोवर वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाच्या भिंतीवर मेलेल्या अमेरिकनांची नावंच 58 हजारांवर गेली होती, व्हिएतनामी माणसं तर लाखांनी मेली.

खरं सांगायचं तर वाचताना मला कधीकधी मजाही येते, तुकडे जुळले की आनंद होतो, आणि मग आठवतं की 5 तारखेला प्रत्युत्तराला गेलेल्या त्या पहिल्या विमानांतला अल्वारेझ नावाचा पायलट पाडला गेला आणि आठ वर्षांहून जास्त कैदेत राहिला. लाज वाटते. वाचणं थांबत नाही.

आणि हेरिक मला वाटतो तितका सरळ नाहीच. त्यानंच नंतर कळवलं की सुरुवातीचा हल्ला खरा होता याची आपल्याला खात्री आहे. दबाव आला म्हणून बदलला म्हणणं सोपंय. पण रात्रभर जागलेल्या माणसाला वरून पुन्हा पुन्हा विचारत राहिलं की त्याला स्वतःलाच तसं वाटायला लागतं, हेही मी ऑफिसात बघितलंय. मी एक दिवस असं म्हणते, एक दिवस तसं.