इथून इथंच, पन्नास किलोमीटर

पन्नास किलोमीटर पळणार म्हटलं की आमच्या बिडकीनमध्ये पहिला प्रश्न येतो, "कुठून कुठपर्यंत?" अंतराचं कुणाला फारसं अप्रूप नाही. पैठणहून नाथांची पालखी पायीच पंढरपूर गाठते, आणि त्या वाटेनं चाललेलं माणूस आमच्या आळीतच दोन-चार घरांत सापडेल. पण "इथून इथंच, अडीच किलोमीटरच्या वीस फेऱ्या" असं सांगितलं की समोरचा जरा काळजीनं बघतो.

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा जे लांब ते सगळं अल्ट्रा. ५० म्हणजे त्यातलं धाकटं भावंड. जानेवारीत ओळखीच्या पळणाऱ्यांनी नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठी ही शर्यत ठेवली, जेमतेम तीस-पस्तीस जणांची. धरणाच्या भिंतीवर पळता येत नाही, आणि जलाशयाला पूर्ण वळसा घालायचा तर पन्नास किलोमीटर कुठल्या कुठं संपतील. म्हणून पाण्याकडेचा डांबरी रस्ता, मग पुनर्वसनातली एक वस्ती, तिथून उसाच्या कडेनं परत तंबूपाशी. पहाटे पाचला निघालो, डोक्याला बॅटऱ्या बांधून.

फेऱ्या मोजायला चिप वगैरे काही नाही. एक निवृत्त गुरुजी शाल पांघरून दोनशे पानी वही घेऊन बसले होते. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. समोरून जाताना आपला नंबर मोठ्यानं सांगायचा. नुसता हात वर केला की गुरुजी ओरडायचे, "तोंडानं बोला!" न बोलणाऱ्याला रेघ नाही.

एका दिशेनं जाणाऱ्या शर्यतीत पुढची पोरं तासाभरात दिसेनाशी होतात आणि आमच्यासारखे मागचे एकटे पडतात. फेऱ्यांत तसं होत नाही. पहिला आलेला पोरगा पोलीस भरतीची तयारी करणारा. तो मला सारखा मागं टाकायचा आणि दरवेळी "चला काका" म्हणून जायचा. एवढ्या सकाळी एवढी विचारपूस माझी दुकानातसुद्धा होत नाही.

वस्तीत एक आजोबा बाजेवर बसलेले. उजाडल्यावर त्यांनी विचारलं, "काहून पळू राहिले?" शर्यत आहे म्हटलं. पुढच्या फेरीला, "बक्षीस काय?" मेडल. त्याच्या पुढच्या फेरीला, "अन् पैशे?" पैसे आम्हीच भरलेत म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प. मग मागून आवाज आला, "घाण्याचा बैल तरी तेल काढतो!" त्यांना सांगायचं राहिलं की न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात १९९७ पासून एक शर्यत होते, एका शाळेभोवतीच्या फुटपाथवर, ३१०० मैलांची, आणि ती ५२ दिवसांत पुरी करायची असते. ऐकून त्यांनी बाजच आत घेतली असती.

फेऱ्यांचा खरा त्रास कंटाळ्याचा नाही, रस्त्याच्या उताराचा आहे. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून डांबरी रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो. तासन् तास एकाच कडेनं पळालं की एक पाय सारखा खाली पडतो आणि खुबा बोलायला लागतो. म्हणून तीन तासांनी आयोजकांनी दिशा उलटी केली. ज्याची त्याची फेरी पुरी झाली की त्यानं वळायचं. त्या अर्ध्या तासात ज्यांच्या नुसत्या पाठी बघितल्या होत्या, त्यांचे चेहरे एकेक करून समोर आले. मला तर सगळ्या शर्यतीतला हाच भाग आवडला.

नऊनंतर ऊन तापलं, उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले, गाण्यांसकट. आता पाणी सांभाळायचं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते तहानेइतकंच, कधी त्याहून जास्त, महागात पडतं. एक पोरगा ओआरएसची आख्खी पुडी छोट्या बाटलीत रिकामी करत होता. माझा धंदा खत-औषधांचा, प्रमाण चुकलेलं मला बघवत नाही. लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच, पुडीवरच लिहिलेलं असतं. पण लेबल वाचायचा कंटाळा शेतकऱ्यालाही आणि पळणाऱ्यालाही.

खायला केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, गूळ-शेंगदाणे. आणि तंबूमागं आगटी पेटवून कुणीतरी हुरडा भाजायला घेतलेला! कणसं चोळल्याचा तो वास दर फेरीला नाकात. तीन-चार जण "फक्त एक मूठ" म्हणून थांबले, त्यातले दोघं परत रस्त्यावर आलेच नाहीत. शर्यत सोडायला याहून चांगलं कारण मी तरी ऐकलेलं नाही. मी मात्र श्वास धरून पुढं जायचो.

शेवटी घड्याळात एक्कावन्न किलोमीटर दिसत होते. वळणं बाहेरून घेतली की पाय जास्त चालतात, त्यात जीपीएस थोडं वाढवून सांगतं. गुरुजींना घड्याळ दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि वही माझ्याकडं फिरवली. एक रेघ कमी. गेलो मुकाट्यानं. आजोबा जेवायला बसले होते, त्यांनी भाकरीसकट हात हलवला.

मग हुरडा. आगटीभोवती उकिडवं बसायचं असतं, पण गुडघे वाकेनात, म्हणून मला प्लास्टिकची खुर्ची दिली आणि वरून वाटीत हुरडा. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर पहिल्याच गिऱ्हाइकानं सगळ्यात खालच्या फळीवरचं तणनाशक मागितलं. म्हटलं, "भाऊ, आज तुम्हीच काढून घ्या, अन् दोन डबे माझ्यासाठी वर ठेवा."