19 मिनिटांचं एक गाणं

सुरुवातीची काही वर्षं आमच्या स्टुडिओचं पोट जिंगल्स आणि डबिंगवर चालायचं. स्वतःचं लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, सुरू करायचं मनात होतंच. मग एक बँड प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा, अल्बम घेऊन आला आणि आम्ही दोघा भागीदारांनी शिल्लक त्यात घातली. एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, दुसरी बाजू म्हणजे एकच गाणं, 19 मिनिटांचं.

त्यातली एक जागा अजून कानात आहे. गिटार सात मात्रांत फिरते. आपल्या रूपक तालात तीन-दोन-दोन असतात, इथे दोन-दोन-तीन. ड्रमर मात्र सरळ चारात. दोघांची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 28 मात्रांनी एकत्र येते, आणि पहिले तीन दिवस ती एकदाही नीट पडली नाही. क्लिक (कानात वाजणारा ठेक्याचा टिकटिक आवाज) लावला की हिशेब जुळायचा, पण वाजवण्यातला जीव जायचा. शेवटी क्लिक बंद केला, चौघांना समोरासमोर बसवलं आणि बेसवाला मानेने सम दाखवू लागला. अल्बमवर तोच टेक आहे, कुठेही कात्री न लावलेला.

पैसे मध्येच संपले. 2001 साली मॅरिलियन या ब्रिटिश बँडने रेकॉर्डिंगआधीच श्रोत्यांकडून आगाऊ पैसे घेतले होते; 12 हजारांहून जास्त लोकांनी ते भरले. आम्हीही तीच वाट धरली. आमचा आकडा त्यापुढे फारच लहान, पण तबकड्या छापण्यापुरतं जमलं.

टेस्ट प्रेसिंग, म्हणजे छपाईआधीची नमुना तबकडी, ऐकली आणि पोटात गोळा आला. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, आत मधल्या कागदी चकतीजवळ जेमतेम 20, म्हणून तिथे मोठा आवाज नीट मावत नाही. आमच्या गाण्याचा सगळ्यात मोठा आवाज नेमका तिथे, शेवटी! झांजा फाटत होत्या. त्या बाजूची पातळी उतरवली, झांजांची धार कमी केली, लॅकर, म्हणजे जिच्यावरून छपाईचे साचे बनतात ती मूळ तबकडी, पुन्हा कापून घेतला. उशीर झाला. आगाऊ पैसे भरलेल्या प्रत्येकाला आम्ही स्वतः तसं कळवलं.

स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. पुढच्या साडेअठरा मिनिटांचं वेगळं काही मिळत नाही. गाण्याचे सहा तुकडे करा, असं अनेकांनी सुचवलं. हिशेबाने ते बरोबरच होतं. पण सुरुवातीची धून शेवटी परत येते, आणि मधली वाट चालल्याशिवाय तिला अर्थ नाही. गाणं आम्ही अखंड ठेवलं.

काहींना ते लांबलं असं वाटलं. मेटल ऐकणाऱ्यांना आवाज कमी वाटला. हळू-मोठ्यातला फरक दाबून तो आम्ही मुद्दाम वाढवला नव्हता, कारण हळू भाग हळू राहिला तरच शेवट अंगावर येतो. एका श्रोत्याने लिहिलं, टेबलावर बोटांनी मोजत बसलो आणि तिसऱ्या रात्री सम सापडली. ते पत्र स्टुडिओत लावलंय.

एक टीका मात्र मनाला लागली: पहिल्या बाजूला कीबोर्ड गिटारखाली बुडालेत. पुन्हा ऐकलं. खरंच बुडालेत. दुसऱ्या छपाईसाठी ती बाजू नव्याने मिक्स केली आहे, टेस्ट प्रेसिंगची वाट बघतोय.