पहिल्या नोकरीचा बायोडेटा

आज चिपळूणला नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींचे बायोडेटा बघत होते. जवळजवळ सगळ्यांवर एकच ओळ: 'मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड.' केमिस्ट्रीच्या एका मुलीने गावातल्या विहिरींच्या पाण्याचा जडपणा ईडीटीए टायट्रेशनने (पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजायची लॅबमधली पद्धत) तपासला होता, पावसाळ्याआधी आणि नंतरही. बायोडेटात त्याचा पत्ताच नाही! म्हटलं, "अगं, लोटे परशुराम एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासतात तिथे, हेच तर विचारतात. सगळ्यात वर घे." तिने तिथंच बसून लिहून काढलं: नमुने किती, पद्धत कोणती, रीडिंग किती वेळा घेतलं.

अप्रेंटिसशिप फक्त आयटीआयवाल्यांसाठी असते, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. केंद्र सरकारच्या नॅट्स (NATS, राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) पोर्टलवर पदवीधरांनाही नोंदणी करता येते, विद्यावेतन मिळतं आणि 'अनुभव आहे का?' या प्रश्नाला उत्तरही तयार होतं. पहिल्या नोकरीत पगाराइतकंच, शिकवणारं कोण आहे तेही बघा, हे मी पोरांना आवर्जून सांगते. घरी ओढाताण असेल तर हे सोपं नाही, तेही कळतं.

आणि नोकरीआधी 'डिपॉझिट' मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. बायोडेटा दाखवायचा असेल तर इनबॉक्स करा, रविवारी निवांत बघते.