काळी नळी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, चार दिवसांवर, आणि माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीवर, सोडायची लाइटांची माळ खोक्यातून काढली तर अर्धीच पेटते, उंदरानं वायर कुरतडलेली. वायरमनबाब नेमके जेवणवेळेला आले, जोड मारला, टेप काही काढली नाही, वायरीवर एक काळी नळी सरकवली आणि खाली लायटर धरला. झालं, बघता बघता नळी आक्रसून वायरीला गच्च बसली. मी म्हटलं, परत करून दाखवा ना. ते हसले, "एकदांच जाता ती." म्हणजे एकदाच होते.

लहानपणी फोंड्याला पावसात लाइट गेली की आमचा एकच उद्योग, संपलेली रिफील मेणबत्तीवर मऊ करायची आणि दोन्ही टोकं धरून ओढायची, केसासारखा धागा निघायचा, घरभर जळका वास, आणि आतून आजी, "घराक उजो लायतलो मरे हो!", घराला आग लावणार हा. मग मी तो धागा परत ज्योतीजवळ न्यायचो, पुन्हा रिफील होईल म्हणून. व्हायचा गोळा. पण दर पावसाळ्यात करून बघायचो, का ते माहीत नाही.

नळीत आणि रिफिलीत फरक गाठींचा. नळी बहुतेक वेळा पॉलिथिनच्या जातीचीच, पण इलेक्ट्रॉनांचा मारा करून आतल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना बांधून टाकलेल्या. मग गरम करून फुगवायची, फुगलेली असतानाच गार करायची, की आत स्फटिक धरतात आणि तिला त्या खोट्या मापात अडकवून ठेवतात. लायटर लागला, स्फटिक वितळले, की गाठी खेचून घेतात, ६ मिलिमीटरची ३ वर येते. माझ्या रिफिलीला गाठीच नव्हत्या, ती कुठे परतणार. हा प्रकार धंद्यात आणला पॉल कूक यांच्या रेकेम कंपनीनं, कॅलिफोर्नियात १९५७ साली निघालेली. म्हणजे आमची मेणबत्ती चालू होती तेव्हा जगाला हे कधीचं ठाऊक होतं, मलाच कोणी सांगितलं नाही.

आमचा लंडनचा चुलतभाऊ पण असाच, वर्षभर फोनवर इंग्लिश झाडतो आणि चवथीला अंगणात पाय ठेवला की पहिली शिवी कोकणीत. पण हे उदाहरण जरा जास्तच ताणलं, सोडतो.

उरलेला दोन इंचाचा तुकडा मी मागून घेतला, वायरमनबाबांना वाटलं काही काम असेल. काही नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलाय. गॅसवर धरून बघायचा मोह होतो, पण एकदाच जाणार ना ती.

माळ अजून अर्धीच पेटते. दुसरीकडेही उंदीर लागलाय वाटतं.